दत्ताराम घोरायचा थांबला तेव्हा

माणूस गेलाय की नाही, हे जयवंत परब दारातूनच सांगायचा. नाडी नको, डॉक्टर नको! घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्या चाळीत बारा वर्षांत जेवढे गेले, तेवढ्यांना त्यानंच मार्गी लावलं होतं. “आपल्याकडे मयत ताटकळत नाही, एका तासात तयारी!” हे तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवायचा. गडी इतका निर्धास्त की स्मशानातल्या बाकावरही डुलकी काढायचा. फक्त तिरडीच्या गाठींसाठी त्याला जिवलग दोस्त दत्ताराम लागायचा. तशा गाठी साऱ्या घाटकोपरात कुणाच्या नव्हत्या.

१९८६ सालच्या एका रविवारी दुपारी जयवंत रमीचा डाव टाकायला दत्तारामकडे गेला. दत्ताराम सुरमईचं कालवण चापून चटईवर उताणा पडला होता. घोरणं असं, की मांडणीवरची पातेली थरथरत होती. बायको जानकी खाली नळावर गेली होती. उठेल आता, म्हणून जयवंत पत्ते पिसत बसला.

आणि घोरणं थांबलं. एकदम!

जयवंतनं नाकाशी बोट धरलं. वारा नाही! घड्याळ बघितलं. दहा सेकंद, वीस, पंचवीस... ओठ निळसर दिसायला लागले.

“दत्त्या गेला!” तो ओरडत गॅलरीत धावला. रडायचं राहिलं बाजूलाच, सवयीनं तोंडातून हुकूम सुटले. “अनंता, बांबू! सहदेव, मडकं! कांजूरला दत्त्याच्या बहिणीला फोन!”

जानकी नळावरच हंड्याशेजारी कोसळली. बायका रडत तिच्याकडे धावल्या, पुरुष वखारीकडे. परत खोलीत जायचा जयवंतला धीर होईना. दत्तारामपाशी कोण बसलंय, हे त्या गडबडीत कुणी विचारलंच नाही.

अर्ध्या तासात अंगणात बांबू पडले, पण गाठी कुणालाच जमेनात. जयवंतला हुंदका फुटला. “गाठी बांधणाराच गेला रे!”

तेवढ्यात एक माणूस जांभई देत, शर्टाची बटणं लावत जिना उतरला. बांबू बघून त्याचा चेहरा पडला. “अरेरे! कोण गेला रे?” म्हणत तो उकिडवा बसला, सुंभाचं टोक दातांनी ओढलं आणि पहिली गाठ मारली.

कुणी हललं नाही. दुसरी गाठ बसली.

“अरे बोला ना! कोण?”

“तू,” जयवंत म्हणाला.

त्याच क्षणी कांजूरहून बहीण प्रेमा “दादा रे माझ्या!” असा टाहो फोडत आली, समोर दिसेल त्याच्या गळ्यात पडली, आणि गळा कुणाचा ते बघून अशी किंचाळली की सहदेवच्या हातचं मडकं फुटलं!

मग हसणं, चहा, “आयुष्य वाढलं तुझं!” जानकी मात्र हसेना.

“तुम्हाला आज दिसलं, भावजी. माझ्यासमोर हे रोज होतं! घोरता घोरता थांबतात, मग गुदमरून दचकतात, पुन्हा सुरू. मला वाटलं, सगळ्यांचे नवरे असेच झोपतात. दिवसा मरोळच्या कारखान्यात प्रेस मशीनवर पेंगतात. परवा पंजा थोडक्यात वाचलाय!”

जयवंतचा चहा कपातच राहिला. दुसऱ्या दिवशी तो दोघांना घेऊन इस्पितळात हजर!

“झोपेत याचा घसा मिटतो,” डॉक्टर म्हणाले. “मेंदू घाबरून जागं करतो, याला पत्ताच नाही. असं तासाला तीस-तीस वेळासुद्धा होतं! असंच सोडलं तर ब्लड प्रेशर, हार्ट, नाहीतर ते प्रेस मशीन, कुणीतरी गाठणारच.”

“पण मी नाकाशी बोट धरलं होतं!” जयवंत म्हणाला.

“पोट बघितलंत? श्वासासाठी धडपडत असणार ते.”

बारा वर्षांच्या अनुभवी माणसानं ते बोट हळूच खिशात घातलं.

“परदेशात नाकातून हवा देणारं मशीन निघालंय, इथे अजून मिळत नाही. तोवर वजन उतरवा, दारू बंद, प्रेसवर उभं राहायचं नाही. आणि झोपायचं कुशीवर. बनियनच्या पाठीला खिसा शिवा, त्यात रबरी चेंडू. उताणं झालं की टोचेल!”

दोस्त वाचला! जयवंतचा जीव भांड्यात पडला. पुढच्या तपासणीचे कागद होईपर्यंत तो बाहेरच्या बाकावर मान मागे टाकून टेकला.

डोळे उघडले तेव्हा डॉक्टर वाकून त्याच्याकडे बघत होते, जानकीनं तोंडाला पदर लावला होता आणि दत्तारामचं बोट त्याच्या नाकाशी होतं.

“बत्तीस सेकंद,” दत्ताराम मनगटावरचं घड्याळ बघत म्हणाला. “घाबरू नको जयवंता, मी पोट बघितलं.”

“डॉक्टर,” जानकी म्हणाली, “चेंडू दोन लिहा.”