बचतीचं लाकूड

माझी बायको शिवगंगा गेल्या चैत्रात वारली. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. स्वामी आले, तिला बसवलं, विभूती लावली, बेल वाहिला आणि उदगीरच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या शेतात, बांधावरच्या लिंबाखाली माती दिली. कडुलिंबाचं ते झाड माझ्या वडिलांच्या आधीचं. जागा तिनेच सांगून ठेवली होती. तिला ऊन सोसत नसे.

इथपर्यंत सरकारचा काही संबंध नव्हता.

पुढच्या आठवड्यात ग्रामसेवक भीमाशंकर घरी आला. मला वाटलं, भेटायला आला असेल. चहा प्याला आणि म्हणाला, "आप्पा, काकूनं गावाचं नाव काढलं बघा."

जिल्ह्यात 'हरित अंत्ययात्रा अभियान' सुरू झालं होतं. अंत्यविधीला लाकूड कमी लागावं, झाडं वाचावीत, हा उद्देश. उद्देश चांगलाच आहे.

"काकूला लाकूड किती लागलं?"

"लागलंच न्हाई. आमच्यात कुठं लागतंय?"

"म्हणजे शंभर टक्के बचत! बाकीची गावं दहावरच अडकल्यात."

"आरं, पण माझ्या बापालाबी लागलं नव्हतं. आज्यालाबी न्हाई."

"ते अभियानाच्या आधी गेले, आप्पा. त्यांना धरता येत न्हाई."

त्याने मोबाइलवर शिवगंगाचं नाव घातलं. वाचलेलं लाकूड, आठ क्विंटल. मयताला सरासरी तेवढं लागतं म्हणे. खाली 'लाभार्थ्याचा अभिप्राय' असा रकाना होता. तो भरल्याशिवाय पुढे जाता येईना, म्हणून तिथे त्याने 'समाधानी' लिहिलं.

माझी मेव्हणी गुरम्मा तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "जिती असताना कदी म्हटली न्हाई ती समाधानी. शंकरप्पा, तुमचं नशीब मेल्यावर उघडलं बघा तिच्या."

त्या आठवड्यात घरात पहिल्यांदा कुणी हसलं. म्हणून मी भीमाशंकरला अडवलं नाही.

पाऊस लागायच्या आत लातूरहून पडताळणी अधिकारी मंजुश्री मॅडम शेतात आल्या. त्यांनी चपला काढल्या, मातीला हात जोडले. बाई चांगल्या होत्या, हे आधीच सांगतो. मग त्यांनी विचारलं, "वाचलेलं लाकूड कुठे आहे?"

"कसलं लाकूड?"

"आठ क्विंटल. तुम्ही वाचवलं ना? त्याचा फोटो लागतो."

मी वर बोट केलं. "ते काय, वर हाय. तोडलं न्हाई म्हणून वाचलं."

मॅडमनी वर पाहिलं. "हे झाड आहे, काका. झाडं सामाजिक वनीकरणाकडे. आमच्याकडे फक्त लाकूड."

"तोडल्याबिगर लाकूड कसं हुईल?"

"तेच म्हणतेय मी."

भीमाशंकरने मोबाइल काढला. "मॅडम, बचत शून्य धरली तर?"

"शून्य धरली तर आठ क्विंटल वापरलं असं होतं. वापरलं म्हणजे दहन झालं. मग इथं खाली कोण आहे?"

मॅडमनी आवाज हळू केला. "तसा अहवाल गेला, तर उकरून खात्री करावी लागेल. मला स्वतःला ते बरं वाटणार नाही. दोन्हींपैकी काहीतरी एक दिसायला पाहिजे."

गुरम्मा पदर खोचून पुढे झाली. "बाई, माझी भन हाय ती. ह्या हातानं इभूत लावली मी तिला. माझ्या डोळ्यांवर इश्वास न्हाई व्हय तुमचा?"

"आहे ना, मावशी. पण तुमचे डोळे अपलोड होत नाहीत."

मी म्हणालो, "मग आमचं नावच काढून टाका. आम्हाला बचत नको."

"नाव काढायला लाभार्थ्याची संमती लागते," मॅडम म्हणाल्या. "आणा, लगेच काढते."

मी म्हटलं, लिंब घ्या. तिला हात लावू नका.

पाडताना एक फांदी मातीवर आदळली. मी धावलो. लोकांनी मला धरलं, म्हणाले, "आप्पा, तिला काय लागतंय आता?" लाकूड आठ क्विंटलच्या बरंच वर भरलं. वरचं 'अतिरिक्त बचत' म्हणून धरलं गेलं. ढीग मातीशेजारी रचला, फोटो निघाला. मागे सगळं गाव उभं होतं.

आमचं गाव जिल्ह्यात पहिलं आलं. लातूरच्या सभागृहात माझा शाल घालून सत्कार झाला आणि बक्षीस म्हणून एक रोप मिळालं. कुंडीवर सूचना चिकटवलेली होती: 'पहिली काही वर्षे मोठ्या झाडाच्या सावलीत ठेवावे.'

आता आजूबाजूच्या गावांतली माणसं आमचा आदर्श बघायला येतात. बांधावर उभी राहून घाम पुसतात आणि म्हणतात, "आप्पा, सरकार लई येडं बघा." मी हो म्हणतो. तुम्हीही आता तेच म्हणत असाल.

पण लिंब पाडायला सरकार आलं नव्हतं. मॅडम लातूरला निघून गेल्या होत्या. भीमाशंकरने गल्लीत उभं राहून एकदाच हाक दिली, "कुऱ्हाड हाय का कुणाकडं?" त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. ज्या घरी कुऱ्हाड नव्हती, ते दोर घेऊन आले. पहिली कुऱ्हाड माझीच होती.

तुमच्या गल्लीत एकदा हाक देऊन बघा. किती दारं बंद राहतात, तेवढं मला कळवा.