जेलच्या वाट्याचं पाणी

बिलोलीकरबद्दल लिहायचं मी आजवर टाळलं. गेल्या महिन्यात तो गेला. आता टाळून उपयोग नाही.

नव्या माणसाला तो वेडाच वाटे. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं. कलेक्टर कचेरी मिळाली, पाणी काही मिळेना. त्या दुष्काळात आमच्या कॉलेजचा हा प्राध्यापक घरून थर्मास भरून आणायचा, स्वतः दोन घोट घ्यायचा आणि उरलेलं प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात ओतायचा. का, तर त्याच्या जेलला शुद्ध पाणी हवं!

जेल म्हणजे अगारोजचे, समुद्री शेवाळातून काढलेल्या पदार्थाचे, बारीक दाणे. परदेशातून मुश्किलीनं आलेली एकच बरणी. त्या दाण्यांना ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं पचवणारं विकर, चिकटवायचं आणि वरून तुरीचा अर्क सोडायचा. ट्रिप्सिनला अडवणारं प्रथिन तेवढं दाण्यांना धरून बसतं, बाकीचं वाहून जातं. भिजलेलं जेल वाळलं की संपलं. म्हणून हा जेल भरलेल्या काचेच्या नळीला समजावायचा, "पी रे राजा, लाजू नको. आपल्याला काय, सवय हाय." कुणी हसलं तर म्हणायचा, "हसा. मी लेकराला पाणी पाजायलोय."

मुलं त्याच्याभोवती घोळका करायची. आम्ही दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलो, पण बरणी आमच्या विभागप्रमुख साहेबांनी त्याच्या हाती दिली. माझ्या पोटात तेव्हापासून जळत होतं.

दाणे भिजले की घाई करावी लागते. पाण्यात त्यांची पकड उतरत जाते. एके दिवशी असेच दाणे भिजले होते आणि त्याचे दोन्ही हात गुंतले होते.

"भाऊ, सोड्याचं बफर द्या की जरा."

बफर म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण; शेजारीच ट्रिस नावाच्या दुसऱ्या बफरची बाटली होती. ट्रिस स्वतःच दाण्यांवरच्या जागा बळकावतं, ट्रिप्सिनला थारा उरत नाही. हे मीच वर्गात शिकवायचो. मी ट्रिस दिलं. त्यानं लेबल बघितलं नाही. मी दिलेलं होतं ना.

ट्रिप्सिन चिकटलं नाही. अर्क जसाच्या तसा खाली आला.

"माझ्याच हाताला गुण न्हाई, साहेब," तो विभागप्रमुखांना एवढंच म्हणाला.

मग त्यानं फ्रिजमधून बरणी काढून माझ्यापुढे ठेवली. निम्मी भरलेली. "ही तुमची, भाऊ. पहिल्या दिशीच ठरवलं व्हतं. मी एकट्यानं कशी वापरू?"

मी प्रयोग पुन्हा लावला, या वेळी सोड्याचं बफर घेतलं. प्रथिन अडकलं. त्यानं टाळ्या पिटल्या. "लई भारी! बघा, हात असावा तर असा!"

"बिलोलीकर, त्या दिवशी..." मी बोलायला लागलो आणि अडलो.

"घसा सुकला व्हय?" त्यानं थर्मासचं झाकण भरून पुढे केलं.

जेलसाठी राखलेलं पाणी होतं ते. मी ते पिऊन टाकलं.