साठेकाकांचा डोंगराळ जिल्हा

लीड्समध्ये कुंपणाशी भेटलेला शेजारी हवेबद्दल बोलतो. आमचे साठेकाकाही बोलतात. फक्त त्यांची हवा इथिओपियाची असते.

"वर धुकं आहे. घाट बंद!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ऑफिसला निघाले होते. म्हटलं, "अहो काका, मला मोटरवेने जायचंय. घाट कुठला मधेच?"

"तुझा नाही गं. आमच्या जिल्ह्यातला."

'आमचा जिल्हा' म्हणजे पुणे नव्हे, यॉर्कशरही नव्हे. इथिओपियाच्या डोंगरांतला एक आडवळणी जिल्हा. काकांची एकुलती एक मुलगी मीरा तिथल्या दवाखान्यात डॉक्टर आहे. काकांनी स्वतः तिथे पाऊलही टाकलेलं नाही. फुफ्फुसांची तब्येत तोळामासा, एवढ्या उंचीवर जायला सक्त मनाई. काका रिटायर्ड भूलतज्ज्ञ, त्यामुळे डॉक्टरशी हुज्जत घालायचीही सोय नाही!

पण माहिती? बाई गं! जेवताना स्वतःच्या भाताच्या मुदीवर बोट ठेवून सांगतात, "हे शिखर. इथे जव आणि बटाटा. मधे तेफ, म्हणजे अगदी बारीक धान्य, पीठ आंबवून त्याच्या पोळ्या घालतात. आणि हे खाली वरण साचलंय ना, तिथे कॉफी." माझं वरण गार होतं, पण मी आ वासून ऐकत राहते.

तिथल्या गावपातळीच्या कारभाराला केबेले म्हणतात. केबेलेने हाक दिली, की माणसं फावडी घेऊन उतारावर बांध घालायला हजर. "आणि आपण? कौन्सिलला ईमेल करतो!" हे काकांचं पालुपद.

एका रविवारी पानांनी आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं. काकांनी दारोदार बेल वाजवली. "घरटी एक माणूस, एक फावडं!" मला वाटलं, आता शोभा होणार. काय सांगू, अख्खी गल्ली उतरली! कधी मान वर करून न बघणारा समोरचा ग्रॅहमसुद्धा गमबूट चढवून आला. काका मधोमध खुर्ची टाकून, धापा टाकत हुकूम सोडत होते. या माणसापुढे हात जोडावेत असं तेव्हा खरंच वाटलं मला.

या उन्हाळ्यात मीराचं कॉन्ट्रॅक्ट संपणार होतं. काकू गेल्यापासून बंद असलेली वरची खोली काकांनी तिच्यासाठी रंगवून घेतली. पडदे लावायला मी गेले होते, तेवढ्यात तिचा फोन आला. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू.

"बाबा, ते मला अजून दोन वर्षं थांब बोलतायत. माझ्या जागी कोणीच नाहीये. पण तू फक्त 'ये' बोल. मी येते, honestly."

मी पडदा हातात धरून तशीच स्टुलावर उभी.

"वेडी आहेस का?" काका खणखणीत आवाजात म्हणाले. "पावसाळा तोंडावर आलाय. घाट बंद झाल्यावर त्या बाळंतिणींनी जायचं कुठे? थांब तू. मी एकदम मजेत आहे."

फोन बंद झाला. मी स्टुलावरून उतरले. म्हटलं, "काका, धन्य आहे तुमची!"

काका पलंगाच्या कडेवर बसले.

"धन्य कसली? 'ये' म्हणायचं होतं गं मला. अगदी ओठांवर आलं होतं."