चहाच्या आधी सूक्ष्मदर्शक

खैरनार सरांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला चहा मिळतो, पण त्याआधी तोंड उघडावं लागतं. सर दात कोरायची काडी घेऊन उभेच असतात. गालाच्या आतून ती हलकेच फिरवायची, काचपट्टीवर टेकवायची, वर निळ्या रंगाचा एक थेंब सोडायचा, आणि खिडकीतल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडे वळवून पाहुण्याला समोर बसवायचं. निळसर पापुद्रे दिसतात, प्रत्येकात एक गडद ठिपका. "हे तुम्ही," सर सांगतात. मतं मागायला आलेल्या एका उमेदवारालाही त्यांनी अशीच त्याची स्वतःची ओळख करून दिली होती. तो बिचारा पुन्हा आमच्या बिल्डिंगकडे फिरकला नाही.

"अहो, निदान बसू तरी द्या त्यांना," काकू आतून ओरडतात.

"बसलेत की," सर म्हणतात.

सर मूळचे सटाण्याकडचे. कॉलेज रोडजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते दुसऱ्या मजल्यावर राहतात, मी पहिल्या. काकूंसाठी मी सुनील, सरांसाठी अजून हजेरीतला सोनवणे. अकरावीला जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये मी एक सुरेख गोल काढला होता. काळी जाड किनार, आत छान छटा. सर वहीवर वाकले. चिडले की ते थेट अहिराणीत शिरायचे.

"हाई काय शे?"

"सर, पेशी."

"हा हवेचा बुडबुडा आहे, सोनवणे. पण काढलायस मात्र झकास."

शेजारच्या मुलानं पुस्तकातली पेशी केंद्रकासकट उतरवली होती. त्याची वही सरांनी परत भिरकावली आणि माझ्या बुडबुड्यावर सही केली. दिसेल ते काढा, माहीत असेल ते नको, एवढंच त्यांचं म्हणणं. वर्गात मी वर्षभर 'बुडबुड्या' झालो. तेव्हा सरांचा भयंकर राग आला होता. आता वाटतं, त्यांच्याइतका खरा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

पेशीचा शोध लावणाऱ्यांबद्दल सर भाऊबंदांबद्दल बोलावं तसं बोलतात. नावं घेत नाहीत. एक बुचवाला, एक कापडवाला आणि दोघे मित्र. बुचवाल्यानं बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला आणि त्याला ओळीनं लहान लहान खोल्या दिसल्या. "रिकाम्या होत्या रे," सर अजून हळहळतात. "आतलं सगळं केव्हाच मेलेलं. त्यानं नुसत्या भिंती पाहिल्या." कापडवाला सूत तपासायच्या भिंगापासून सुरू झाला आणि स्वतःच्याच दातांवरचा मळ बघत बसला, तर त्यात वळवळणारे जीव. काकू येवल्याच्या, विणकरांच्या घरातल्या. त्यांना हा कापडवाला फार पटतो. "कापडातला माणूस म्हणजे नजर चांगली असणारच," त्या म्हणतात.

दोघा मित्रांवर मात्र सरांचा जुना राग आहे. झाडं काय, प्राणी काय, सगळे पेशींचेच बनलेत हे त्यांनी ओळखलं. पण नवी पेशी कुठून येते? तर पाकातून साखरेचे खडे धरावेत तशी रसातून आपोआप, असं लिहून बसले. "पाहिलं नाही, ठरवलं," सर म्हणतात. "पेशी पेशीतूनच येते हे दाखवायला मग पुढची माणसं खपली."

या वर्षी संक्रांतीनंतर सरांची काडी बंद झाली. नवा गॅसवाला आला, त्याला त्यांनी तसाच जाऊ दिला. मला वाटलं, वय झालं. मग एका सकाळी काकूंनी मला जिन्यात थांबवलं.

"सुनील, यांना जरा विचारशील का रे? हे माझ्याकडे बघतच नाहीत. बोलतात माझ्याशी आणि बघतात खिडकीकडे. चाळीस वर्षं त्या नळीत डोळा घालून बसले, मी काही बोलले नाही. आता ती नळीसुद्धा झाकून ठेवलीय, तरी मी दिसत नाही यांना."

त्यांचे डोळे भरले होते. त्या भाजीला गेल्या आणि मी तणतणत वर गेलो. सरांनी मला दार लावायला सांगितलं.

"काचपट्टी बघताना मधे डाग दिसला तर काय करायचं, सोनवणे?"

"पट्टी सरकवायची, सर. डाग सरकला तर तो पट्टीवर आहे."

"नाही सरकला तर?"

"वरचं भिंग फिरवायचं. डाग फिरला तर भिंगावर."

"दोन्ही केलं. डाग हलेना. मग नजर बाजूला नेली, तर डागही बरोबर आला. काच माझीच खराब निघाली."

पेन्शनच्या कामाला बँकेत जातो असं सांगून ते एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसतं, मधलं नाही. गेलेली नजर परत येणार नाही.

"तिच्याकडे सरळ बघितलं की तिचा चेहराच जातो. म्हणून खिडकीकडे बघतो. मग ती कडेला दिसते. पुसट, पण दिसते."

"मग सांगा ना काकूंना!"

"ती रडेल," सर म्हणाले. "आणि ते मला दिसणार नाही."

कुणाला सांगणार नाही असं वचन त्यांनी माझ्याकडून घेतलं आणि मी ते तासभरही पाळलं नाही. काकू भाजी घेऊन आल्या तेव्हा जिन्यातच सगळं सांगून टाकलं. पिशवी खाली ठेवून त्या पायरीवर बसल्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "मला कळलंय हे त्यांना सांगू नकोस."

परवा वर गेलो, तर काकूंनी आपली खुर्ची भिंतीजवळून हलवून खिडकीच्या बाजूला, उजेडात मांडली होती. नवी निळी साडी नेसून मेथी निवडत बसल्या होत्या. सर खिडकीकडे बघत होते.

"आज हिरवी नेसलीस," ते म्हणाले. "शोभते तुला."

मी काही बोलणार, तेवढ्यात काकूंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं आणि निळा पदर सारखा करत म्हणाल्या, "हो, हिरवीच. तुमच्या नजरेतून काही सुटतं का!"