उलटे वेढे

मोटारवाल्यांनी जोर लावून ओढलं तेव्हा पॅडल हातात आलं आणि त्याच्या मुठीवरची ग्रिपची पट्टी बुटातच राहिली.

बुटाचा तळ सुटला होता. त्यांनी सढळ हातानं गोंद लावला आणि आतून दाब बसावा म्हणून हाताशी लागलेला दांडा बुटात खुपसला. तो दांडा बायकोच्या पिकलबॉलच्या पॅडलचा, म्हणजे त्या टेनिससारख्या खेळातल्या बॅटचा होता, हे त्यांना कळलं होतं. गोंद आतपर्यंत झिरपेल हे कळलं नव्हतं. आणि संध्याकाळी बायकोचा अंतिम सामना होता. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच तिथवर पोचली होती.

फोन करून सांगावं असं त्यांच्या मनात आलं. पण बोलणी खायची हौस कुणाला असते? ते तडक खेळाच्या दुकानात गेले.

"हात केवढा?" दुकानदारानं विचारलं.

मोटारवाल्यांनी आपला पंजा पुढे केला.

"तुम्ही खेळणार?"

"छे, बायको खेळते."

"मग त्यांचा हात?"

"असेल... जरा लहान."

"घाम येतो हाताला?"

बायकोचा हात शेवटचा कधी धरला होता, हेच त्यांना आठवेना. "येत असेल," ते म्हणाले.

"आणि उजव्या हातानं खेळतात की डाव्या? नाही, गुंडाळायची दिशा त्यावर—"

"अहो, दिशा मला सांगता? जन्म गेला माझा वेढे घालण्यात. तुम्ही नुसती पट्टी द्या."

जन्म खरंच त्यातच गेला होता. पंपांच्या जळालेल्या मोटारी तांब्याची तार गुंडाळून पुन्हा चालू करणं हा त्यांचा धंदा. वेढा उलटा पडला की मोटार उलटी फिरते, म्हणून गिऱ्हाईक दारात आलं की त्यांचा पहिला प्रश्न असे, "फिरते कुठल्या बाजूला?" उत्तर मिळाल्याशिवाय ते तारेला हात लावत नसत.

ग्रिप मात्र त्यांनी कुणाला न विचारता गुंडाळली, आणि गुंडाळली अशी की बघत राहावं. एक सुरकुती नाही.

बायको कामावरून आली, पॅडल उचललं आणि थबकली. "ग्रिप बदललीत?"

"जुनी मळली होती. म्हटलं, आज मोठा दिवस आहे."

"माझ्यासाठी? स्वतःहून?" तिचा चेहरा असा उजळला की बुटाची हकीकत मोटारवाल्यांच्या घशातच राहिली. "मग चला ना आज बघायला. कधीच येत नाही तुम्ही."

ते गेले. ऐटीत पहिल्या रांगेत बसले. बायकोनं चेंडू उचलला, पॅडल डाव्या हातात धरलं आणि सर्व्हिस केली.

"हात बदलायला विसरली वाटतं," ते शेजारच्या बाईंना म्हणाले.

"विसरेल कशी? डावखुरीच आहे ती. तुम्ही कोण तिचे?"

"नवरा," मोटारवाले म्हणाले, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्यांना झालं.

माहीत नव्हतं असं नाही. लग्नाच्या कागदावर सही करताना तिचा डावा कोपर त्यांच्या उजव्या कोपराला लागला होता आणि त्यांना ते फार आवडलं होतं. त्यानंतर ती आपणहून दुसऱ्या बाजूला बसू लागली. कोपर लागायचा थांबला आणि ही गोष्ट त्यांच्या डोक्यातून कधी निसटली, त्यांनाच कळलं नाही.

इकडे प्रत्येक फटक्याला तिचा तळवा उलट्या वेढ्याची कड उचकटत होता. आधी एक टोक सुटलं. तिनं ते दाबलं, पुन्हा सुटलं. मग पट्टी शेपटासारखी लोंबायला लागली. दोन्ही बाजू बरोबरीत आल्या तरी ती झुंजतच होती. शेवटच्या चेंडूला पॅडल मुठीत फिरलं आणि चेंडू जाळीत गेला.

घरी येताना मोटारवाल्यांनी सगळं कबूल केलं. वेढ्याचं सांगितलं, बुटाचं सांगितलं, गोंदाचंही सांगितलं.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हरले त्याचं एवढं काही नाही हो. मला वाटलं होतं, तुम्ही स्वतःहून बदललीत."



सकाळचा चहा नेहमी मोटारवालेच करायचे. कप तिच्यापुढे ठेवताना त्याचा कान ते न चुकता तिच्या उजव्या हाताकडे वळवायचे आणि या काळजीचं त्यांना स्वतःलाच कौतुक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कप ठेवला, क्षणभर थांबले आणि कान डावीकडे वळवला. मग समोर बसून ती कधी उचलते याची वाट बघत राहिले.

तिनं पेपरातून मान वर न काढता कप फिरवून घेतला आणि उजव्या हातानं उचलला.

"अगं, मी मुद्दाम डावीकडे ठेवला होता," मोटारवाले हळूच म्हणाले.

"बघितलं मी," ती म्हणाली. "पण आता उजव्याचीच सवय झाली ना."