बुडत्या बोटीवरून सविनय

"माणसाला नीट मागता आलं ना, की जगात काहीही मिळतं! मागणी फक्त मुद्देसूद हवी!"

हेडक्लार्कांचा हा दावा ऑफिसात, घरात आणि न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा चाले. चोवीस वर्षं त्यांनी मसुदे सांगण्यात घालवली होती. रेकॉर्डरचं बटण अंगठ्याने दाबून धरायचं आणि सुटायचं! मसुदा पुरा होईपर्यंत मध्ये कुणी शिंकलेलंही त्यांना खपत नसे.

तर असा हा माणूस एका रविवारी सकाळी, दोन तासांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र खिशात घालून, भाड्याची मोटरबोट स्वतः हाकायला निघाला. बोटवाल्याला त्यांनी धक्क्यावरच ठेवलं. सोबत बायको आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सासरेबुवा. पोहता तिघांपैकी एकालाही येत नव्हतं, पण तो मुद्दा त्या दिवशी विषयपत्रिकेवर नव्हता!

बंदराबाहेर गेल्यावर फोटो काढायला म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं. पाहतात तर बोटीच्या तळाशी वाटीभर पाणी साचलेलं. आणि तिथेच एक बूच!

"बाबा, पाय वर घ्या. एवढं पाणी जाऊ दे बाहेर," असं म्हणत त्यांनी बूच फिरवून उपसलं.

पाणी बाहेर कुठलं जातंय! खालून कारंजं उडालं. हेडक्लार्क दचकले, बूच हातातून निसटलं आणि थेट समुद्रात!

"अहो, पाणी आत येतंय!"

"आधी थोडं येतंच! मग जातं!"

पाणी घोट्यापर्यंत आलं. त्यांनी घाईने इंजिन सुरू करून पाहिलं, पण ते दोनदा खोकलं आणि कायमचं गप्प झालं. हेडक्लार्कांच्या तोंडचं पाणी पळालं. सासरेबुवांनी मुकाट्याने आपली टाच त्या भोकावर दाबली आणि बायको डब्याच्या झाकणाने पाणी उपसू लागली.

"घाबरू नका!" हेडक्लार्कांनी बोटीवरचा वायरलेस उचलला, बटणावर अंगठा रोवला आणि घसा साफ केला. "प्रति, माननीय बचाव अधिकारी, यांसी. विषय : बोट बुडत असल्याबाबत. संदर्भ... अगं, संदर्भ काय देऊ?"

"आग लागो त्या संदर्भाला! लवकर या म्हणा!"

"महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, अर्जदाराने रीतसर प्रशिक्षण घेतलेले असून..."

"अहो, ते बटण सोडा जरा! पलीकडून कुणी काही विचारत असेल!"

"मसुदा अर्धवट सोडू? मग त्यांना अर्थबोध काय होणार?"

"निदान आपण कुठे आहोत ते तरी सांगा!"

"ते परिशिष्टात येतं! आधी पार्श्वभूमी!"

पार्श्वभूमी धक्क्यावर तिकीट काढण्यापासून सुरू झाली. बोटवाल्याशी झालेल्या चर्चेचे मुद्दे आले. पाणी पोटऱ्यांना लागलं.

"जावईबापू," सासरेबुवा शांतपणे म्हणाले, "टाच बधिर झाली हो. आता काही फार वेळ नाही धरवणार."

बायकोने वडिलांकडे पाहिलं. म्हाताऱ्याचे ओठ निळे पडले होते. तिच्या हातातलं झाकण गळून पडलं आणि तिचा बांध फुटला.

"चूल पेटवा त्या मसुद्याने! तो लाल-पांढरा खांब दिसतोय ना समोर? अर्धा तास त्याच्याच डाव्या बाजूला बुडतोय आपण! तीन माणसं, तिघांनाही पोहता येत नाही! तुम्ही बूच काढलंत, इंजिन गेलं आणि माझे बाबा गारठून चाललेत! त्यांना काही झालं ना, तर मी तुम्हाला जन्मात क्षमा करणार नाही, सांगून ठेवते!"

"अगं हळू! सगळं मसुद्यात जातंय!" हेडक्लार्क कळवळले आणि वायरलेसमध्ये घाईघाईने म्हणाले, "वरील मजकूर वगळण्यात यावा!"

पण पुढे त्यांना शब्दच सुचेनात. पाणी गुडघ्याला आलं होतं. 'करिता', 'सबब', 'तरी' सगळे ऐन वेळी पसार! सासऱ्यांचा थंडगार हात त्यांनी आपल्या मोकळ्या हातात घट्ट धरला आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते विनामसुदा बोलले, "बाबा, माझं चुकलं हो!"

तेवढ्यात खांबाला वळसा घालून नारिंगी बचावबोट भरधाव येताना दिसली!

पाच मिनिटांत तिघंही घोंगड्या पांघरून त्या बोटीत होते. सासरेबुवांना गरम चहा मिळाला, ओठांवर रंग आला, तेव्हा कुठे बायकोने मोठा श्वास सोडला आणि रडून घेतलं.

"वायरलेसवर कोण होतं?" बचाव अधिकाऱ्याने विचारलं.

"मी!" हेडक्लार्क ताठ बसले. "मसुदा पोचला म्हणायचा!"

"पोचला ना! वीस मिनिटं अख्ख्या बंदरात दुसऱ्या कुणाला तोंड उघडता आलं नाही! कुठे आहात, कुठे आहात म्हणून आम्ही घसा फोडतोय, पण तुमचा अंगठा उठेल तेव्हा ना! नशीब, मध्ये या ताई बोलल्या. जागा, माणसं, बिघाड, सगळं आलं त्यात."

हेडक्लार्क चाचरले. "पण तो मजकूर तर मी..."

"वगळायला सांगितलात. ऐकलं आम्ही."

अधिकाऱ्याने फॉर्म काढला आणि 'मदत मागणारी व्यक्ती' या रकान्यात बायकोला नाव विचारून लिहून घेतलं. मग फॉर्म हेडक्लार्कांपुढे सरकवला. त्यांनी लगबगीने पेन घेतलं आणि सही करायची जागा शोधली. ती अगदी खाली होती, साक्षीदाराची!