डाळिंबी ताशेवाल्याची कैद

श्रीगजाननाचे पायीं माथा ठेवून, जें घडलें तें पदरचें न घालतां लिहितों. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, ज्येष्ठ शुद्ध एकादशीस, जेवणाच्या मेजाएवढें जें राज्य, त्याचें नांव घेणें नलगे, तेथें वाटर्लूचें युद्ध पुन्हा मांडलें. इंग्रजांकडे दिगंबरपंत फणसळकर, आणि फरासिसांकडे त्यांचे जुने स्नेही केकीशेट. फौज शिशाची, शिपाई बोटाएवढा, उभयतांनीं तरुणपणीं जुन्या बाजारांत धुंडून आणलेला. संगिनी वांकल्या, परंतु रुबाब कायम. रिवाज ऐसा कीं, जिंकेल त्यानें हरल्याचा एक शिपाई, मनास येईल तो, कैद करावा, आणि हरल्यानें पुढील वर्षीं जिंकणाराचे घरीं जाऊन, तेथें लढून, त्यास सोडवावा. आजवर कैदी गल्लीपलीकडे गेला नव्हता. यंदा मात्र केकीशेट लेकाकडे क्यानडास कायमचे निघालेले.

आणि पंतांचे फौजेंत एक ताशेवाला होता. त्याचा डगला इंग्रजी लाल असावा, तो पंतांचे कुटुंब इंदुबाई यांनीं आपले लुगड्यासारखा डाळिंबी रंगविला. पंतांनीं हिणविलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "असूं द्या हो, गर्दींत ओळखूं येईल." त्या वारल्या, आणि तेव्हांपासून पंत युद्धापूर्वीं आधीं त्यास अंगठ्यानें पुशीत, मग इतरांस हात लावीत. हा सातासमुद्रापार गेला कीं गेलाच, ह्या धास्तीनें पंतांनीं यंदा त्यास दोनदां पुसलें.

मग तोफा चालल्या, आणि फाशांमागून फासे पडले, आणि गढी पडली, आणि फरासिसांची हुजुरात, म्हणजे बादशहाची खास पलटण, टेंकडी चढून आली. केकीशेट खिचडीचा घास गिळून म्हणाले, "पंत, आतां प्रशियन आले तरच वांचलात, नाहीं तर खेळ खल्लास!" ती मदतीची फौज येण्यास सहाच पाहिजेत, आणि डाव शेवटचा. पंतांनीं फासा मुठींत घोळविला, टाकला. तो घरंगळत ताशेवाल्याचे पायाशीं अडला. वर सहा! परंतु हाय हाय, फासा ताशेवाल्यास टेंकून कलला होता, आणि कलता फासा बाद, हा उभयतांचा कायदा. केकीशेट चष्मा पुशीत होते, त्यांनीं कांहीं पाहिलें नाहीं. बोट लाविलें असतें तर फासा सपाट बसता, आणि पंतांनीं बोट पुढें केलेंही. मग तो डाळिंबी डगला दृष्टीस पडला, आणि मेल्याहून मेल्यासारखें जाहलें. इंदुबाईंचे देखत लबाडी कैसी करावी? "कलला मेला," पंत खेंकसले, "पुन्हा टाकतों." पुन्हा टाकला, आणि दोन पडले, आणि इंग्रज उधळले.

केकीशेटांनीं हात लांबविला, आणि नेमका ताशेवाला उचलला. पंत कडाडले, "अहो, ठाऊक असून? एवढी फौज पडली आहे, तुम्हांस हाच सांपडला?"

केकीशेट त्यास कापसांत गुंडाळीत म्हणाले, "दुसरा नेला, तर तुम्ही म्हणाल, जाऊं दे. घराचा उंबरा न सोडणारा माणूस तुम्ही. ह्याला सोडवायला तरी याल ना, पंत?" आणि त्यांनीं तो डबींत ठेविला. डबीचें झांकण मात्र पंतांनींच घट्ट लाविलें.

सारांश, इंग्रज बुडाले, फरासीस जिंकले, ताशेवाला समुद्रापार गेला. आणि पंतांनीं जन्मांत प्रथम पासपोर्टासाठीं फोटो काढविला. फोटोवाल्यानें जरा हसा म्हटलें, ते हसले नाहींत. स्वारीस निघाले होते.